महानगरपालिकेच्या पर्यावरणीय सेवा : अंदाजपत्रक, कामगिरी व संनियंत्रण (माहुलच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

नागरी स्थानिक स्वराज्य संस्थेचे अंदाजपत्रक हा केवळ जमाखर्चाचा तक्ता नसतो. शहरातील कोणत्या गरजेला किती महत्त्व द्यावयाचे, याचा निर्णय त्यातून व्यक्त होत असतो. घनकचरा व्यवस्थापन, मलनिःसारण, पर्जन्य जलवाहिन्या, उद्याने व वृक्षसंवर्धन आणि वायुगुणवत्ता या सेवांना सामान्यतः पर्यावरणीय सेवा असे म्हटले जाते. ७४ व्या घटनादुरुस्तीने (१९९२) संविधानात समाविष्ट झालेल्या बाराव्या अनुसूचीतील १८ विषयांमध्ये सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता, घनकचरा व्यवस्थापन आणि पर्यावरणाचे संरक्षण यांचा स्पष्ट उल्लेख आहे. या सेवांवर होणारा खर्च योग्य रीतीने झाला काय आणि त्यातून अपेक्षित परिणाम साधला काय, हे तपासण्याची व्यवस्था म्हणजे संनियंत्रण होय.

बृहन्मुंबई महानगरपालिका ही देशातील सर्वांत मोठे अंदाजपत्रक असलेली महानगरपालिका आहे. तिचे २०२३-२४ चे अंदाजपत्रक ५२,६१९ कोटी रुपयांचे, २०२४-२५ चे ५९,९५४ कोटी रुपयांचे, तर २०२५-२६ चे ७४,४२७ कोटी रुपयांचे होते. एवढी आर्थिक क्षमता असूनही चेंबूरजवळील माहुल या एका वस्तीचा प्रश्न उच्च न्यायालयात आणि राष्ट्रीय हरित लवादासमोर वर्षानुवर्षे का चालावा, हा प्रश्न अभ्यासकांना विचार करावयास लावणारा आहे. प्रस्तुत लेखात महानगरपालिकेच्या संनियंत्रण व्यवस्थेचे स्वरूप स्पष्ट करून, माहुलच्या उदाहरणाच्या आधारे तिच्या मर्यादांचा विचार करण्यात आला आहे.

अंदाजपत्रकाची रचना

मुंबई महानगरपालिकेचा कारभार मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ नुसार चालतो. या अधिनियमाप्रमाणे आयुक्त पुढील वर्षाचे अंदाज तयार करून फेब्रुवारीच्या प्रारंभी स्थायी समितीपुढे सादर करतात. स्थायी समिती त्यांची छाननी करते व त्यानंतर महानगरपालिकेच्या सभागृहात चर्चा होऊन त्यांना मंजुरी मिळते.

येथे एक बाब लक्षात घेणे आवश्यक आहे. महानगरपालिकेचे अंदाजपत्रक एकसंध नसून ते अनेक भागांत विभागलेले आहे. घनकचरा व्यवस्थापन व पर्जन्य जलवाहिन्या हे विषय 'अ' अंदाजपत्रकात, पाणीपुरवठा व मलनिःसारण 'ग' अंदाजपत्रकात, तर वृक्ष प्राधिकरणाचा हिशेब स्वतंत्र अंदाजपत्रकात असतो. साहजिकच 'पर्यावरणीय सेवांवर एकूण किती खर्च झाला' या साध्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही एका पानावर मिळत नाही.

ही उणीव दूर करण्याचा एक प्रयत्न अलीकडे झाला. मार्च २०२२ मध्ये मुंबई वातावरण कृती आराखडा प्रसिद्ध झाला आणि २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट ठरविण्यात आले. त्यानंतर जून २०२४ मध्ये महानगरपालिकेने आपला पहिला वातावरणविषयक अर्थसंकल्प अहवाल प्रसिद्ध केला. २०२४-२५ च्या भांडवली तरतुदींपैकी सुमारे १०,२२४ कोटी रुपयांच्या, म्हणजे जवळपास ३२ टक्के तरतुदी वातावरणाशी निगडित असल्याचे त्यात दाखविण्यात आले. नॉर्वेची राजधानी ओस्लो हिने २०१७ या वर्षापासून ही पद्धत सुरू केली होती. विखुरलेल्या तरतुदी एकत्र पाहण्याच्या दृष्टीने हे पाऊल निश्चितच स्वागतार्ह आहे. तथापि हा अहवाल मुख्यतः 'कशासाठी' या प्रश्नाचे उत्तर देतो; 'कोठे' आणि 'कोणासाठी' हे प्रश्न त्यानंतरही उरतात.

संनियंत्रणाचे चार स्तर

महानगरपालिकेतील संनियंत्रण स्थूलमानाने चार स्तरांवर चालते.

१) खर्चाचे नियंत्रण : मंजूर तरतूद, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च यांची तुलना हा संनियंत्रणाचा सर्वांत जुना प्रकार होय. तरतूद खर्च झाली नाही तर सुधारित अंदाजात ती घटविली जाते किंवा अन्यत्र वळविली जाते. खर्च किती झाला हे या पद्धतीतून समजते. तो का झाला नाही, याचे कारण मात्र आकड्यांच्या स्तंभात दिसत नाही.

२) कामाचे मोजमाप : पर्यावरणीय सेवांचा मोठा भाग कंत्राटी पद्धतीने चालतो. कचऱ्याची वाहतूक किंवा नाल्यातील गाळाचा उपसा यांचे देयक सामान्यतः वजनावर आधारलेले असते. त्यामुळे वजनकाट्यावरील नोंद हाच कामाचा पुरावा ठरतो. जे मोजले जाते त्यालाच पैसे मिळतात आणि ज्याला पैसे मिळतात तेच वाढविण्याकडे कल होतो. कचरा जागच्या जागी कमी करणे अथवा वेगळा करणे हे धोरणाचे उद्दिष्ट असले, तरी वजनावर आधारित देयक त्या उद्दिष्टाच्या विरुद्ध दिशेने काम करते. मिठी नदीतील गाळउपशाच्या कथित गैरव्यवहाराप्रकरणी मे २०२५ मध्ये मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने गुन्हा नोंदविला. त्यातील आरोपांची शहानिशा न्यायालयात व्हावयाची असली, तरी केवळ नोंदींवर विसंबून राहणाऱ्या मोजमापातील धोका त्यातून स्पष्ट होतो.

३) लेखापरीक्षण : अधिनियमात महानगरपालिका मुख्य लेखापरीक्षकाची तरतूद असून त्याचा अहवाल स्थायी समितीपुढे जातो. याशिवाय राज्य शासनाच्या विनंतीवरून भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांनी २८ नोव्हेंबर २०१९ ते ३१ ऑक्टोबर २०२२ या कालावधीतील सुमारे १२,०२३ कोटी रुपयांच्या कामांचे विशेष परीक्षण केले. त्याचा अहवाल मार्च २०२३ मध्ये विधानसभेत मांडण्यात आला. निविदा न मागविता कामे देणे आणि पारदर्शकतेचा अभाव यांवर त्यात गंभीर आक्षेप होते. अशा परीक्षणाचे महत्त्व निर्विवाद असले, तरी ते खर्च झाल्यानंतरचे असते हे विसरता येत नाही.

४) सेवेच्या कामगिरीचे मापन : केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने २००८ मध्ये सेवास्तराचे निकष प्रसिद्ध केले. पाणीपुरवठ्यासाठी ९, मलनिःसारणासाठी ९, घनकचरा व्यवस्थापनासाठी ८ आणि पर्जन्य जलनिःसारणासाठी २ असे एकूण २८ निर्देशांक त्यात आहेत. घनकचऱ्याच्या बाबतीत घरोघर सेवेची व्याप्ती, संकलन, वर्गीकरण, शास्त्रोक्त विल्हेवाट आणि खर्चाची वसुली यांसाठी १०० टक्के, तर तक्रारनिवारणासाठी ८० टक्के हे लक्ष्य ठरविण्यात आले. पंधराव्या वित्त आयोगाने दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या नागरी क्षेत्रांसाठी सुचविलेल्या अनुदानातील १२,१३९ कोटी रुपये हवेच्या गुणवत्तेतील सुधारणेशी जोडले. 'खर्च केला' याऐवजी 'सुधारणा झाली' या निकषावर पैसे देण्याचा हा प्रयत्न होता.

या चौथ्या स्तरासाठी अधिनियमातच एक महत्त्वाचे साधन उपलब्ध आहे. १९९४ मधील दुरुस्तीने आयुक्तांवर दरवर्षी ३१ जुलैपूर्वी पर्यावरण सद्यःस्थिती अहवाल महानगरपालिकेपुढे ठेवण्याचे बंधन घातले. फेब्रुवारीत अंदाजपत्रक आणि जुलैमध्ये पर्यावरणाची स्थिती असे हे वार्षिक चक्र आहे. जुलैच्या अहवालातील निष्कर्ष पुढील फेब्रुवारीच्या तरतुदींत उतरावेत, ही अपेक्षा स्वाभाविक ठरते. प्रत्यक्षात हे दोन दस्तऐवज स्वतंत्र वाटांनी जातात. अहवालातील निरीक्षण आणि अंदाजपत्रकातील शीर्ष यांना जोडणारा रकाना कोठेही नसतो.

माहुल : एका वस्तीचा ताळेबंद

मुंबई उपनगर जिल्ह्यात तुर्भे-चेंबूरच्या किनाऱ्यालगत वसलेले माहुल हे मुळात कोळी-आगरी समाजाचे गाव. शिवडी-माहुलच्या पाणथळ चिखलपट्ट्यात दर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. याच परिसरात १९५४-५५ च्या सुमारास दोन तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले. ते आज हिंदुस्थान पेट्रोलियम व भारत पेट्रोलियम या कंपन्यांकडे आहेत. पुढे खतकारखाना, औष्णिक वीजकेंद्र आणि रसायनांच्या साठवण टाक्या यांची भर पडली.

माहुल व आंबापाडा येथील रहिवाशांनी प्रदूषणाविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. परळच्या के. ई. एम. रुग्णालयाने २०१३ मध्ये केलेल्या पाहणीचा त्या प्रकरणात आधार घेण्यात आला. पाहणीतील ६७.१ टक्के लोकांना महिन्यातून तीनपेक्षा अधिक वेळा धाप लागत होती, ८४.५ टक्के लोकांना छाती कोंदल्यासारखे वाटत होते आणि ८६.६ टक्के लोकांच्या डोळ्यांची जळजळ होत होती. येथील हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्यास धोका असल्याचे लवादाने १८ डिसेंबर २०१५ च्या निर्णयात नमूद केले. के. ई. एम. हे महानगरपालिकेचेच रुग्णालय आहे, ही बाब येथे विशेष महत्त्वाची ठरते. माहुलच्या हवेची माहिती महानगरपालिकेला बाहेरून मिळविण्याची गरज नव्हती. ती तिच्याच एका विभागाने जमविली होती.

तरीही २०१७ पासून या परिसरात नवी लोकवस्ती आणून वसविण्यात आली. तानसा जलवाहिनीलगतची अतिक्रमणे सुरक्षेच्या कारणास्तव हटविण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्ये दिला होता. त्यानुसार हटविलेल्या कुटुंबांपैकी पाच हजारांहून अधिक कुटुंबांना माहुल येथील प्रकल्पबाधितांच्या वसाहतीत घरे देण्यात आली. ७२ इमारती आणि १७,२०५ सदनिका असलेली ही वसाहत तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या अगदी शेजारी आहे. जलवाहिनीलगत मोकळ्या झालेल्या जागेवर महानगरपालिकेने ३९ किलोमीटर लांबीचा सायकल मार्ग आखला.

या घटनाक्रमाकडे अंदाजपत्रकाच्या दृष्टीने पाहिल्यास काय दिसते? जलवाहिनीची सुरक्षितता साधली गेली, ही पाणीपुरवठा विभागाची यशस्वी कामगिरी. अतिक्रमण हटले, ही विभाग कार्यालयाची कामगिरी. बाधितांना पक्की घरे मिळाली, हे पुनर्वसनाचे उद्दिष्ट पूर्ण. सायकल मार्ग हा तर पर्यावरणपूरक प्रकल्प. प्रत्येक विभागाचे प्रगतिपुस्तक आपापल्या जागी समाधानकारक ठरते. परंतु जी कुटुंबे तानसा जलवाहिनीच्या काठावरून उठून माहुलच्या हवेत आली, त्यांच्या आरोग्याची हानी यांपैकी कोणत्याही विभागाच्या रकान्यात बसत नाही.

हा हिशेब अखेर न्यायालयात मांडावा लागला. उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये व त्यानंतर २०१९ मध्ये रहिवाशांच्या बाजूने आदेश दिले. अन्यत्र पर्यायी घरे द्यावीत अथवा ती मिळेपर्यंत दरमहा १५,००० रुपये भाडे व ४५,००० रुपये अनामत रक्कम द्यावी, असे निर्देश देण्यात आले. पुनर्वसनाच्या वेळी जो खर्च कोठेही दिसला नव्हता, तो अशा रीतीने रुपयांत व्यक्त झाला. ऑगस्ट २०२० मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने दोन तेल कंपन्या व दोन साठवण कंपन्या मिळून सुमारे २८६ कोटी रुपयांची पर्यावरणीय भरपाई आकारली.

वसाहतीतील हजारो सदनिका त्यानंतरही रिकाम्याच राहिल्या. २०२५ मध्ये महानगरपालिकेने त्यांपैकी ९,०९८ सदनिका प्रत्येकी १२ लाख ६० हजार रुपयांना आपल्याच तृतीय व चतुर्थ श्रेणीतील कर्मचाऱ्यांना विकण्याची योजना जाहीर केली. तिला मिळालेला प्रतिसाद अत्यंत अल्प होता. मुंबईसारख्या शहरात एवढ्या किमतीचे घर नाकारले जाते, यातून लोकांनी आपल्या परीने या जागेचे मूल्यमापन केले आहे. हे मूल्यमापन कोणत्याही निर्देशांकाहून अधिक बोलके आहे.

खर्च न झालेल्या तरतुदीचे उदाहरण

माहुलशी निगडित दुसरे उदाहरण पर्जन्य जलनिःसारणाचे आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतर 'ब्रिमस्टोवॅड' प्रकल्पाला गती देण्यात आली व आठ उदंचन केंद्रे उभारण्याचे ठरले. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गझदरबंद ही सहा केंद्रे कार्यान्वित झाली. मोगरा व माहुल ही दोन मागे पडली. माहुल येथील केंद्रामुळे वडाळा, माटुंगा, शीव, कुर्ला व चेंबूर या सखल भागांना दिलासा मिळावयाचा होता. तथापि नियोजित जागा मिठागर आयुक्तांच्या अखत्यारीत असल्याने ती मिळण्यात अनेक वर्षे गेली आणि अखेर खासगी जागेशी अदलाबदल करण्याचा मार्ग शोधावा लागला.

या प्रकरणात अडचण पैशांची नव्हती, तर जागेची आणि दोन शासकीय यंत्रणांमधील समन्वयाची होती. खर्चाच्या तक्त्यात मात्र हे केवळ 'तरतूद अखर्चित' असेच दिसते. तरतूद आणि खर्च यांमधील अंतर मोजणाऱ्या पद्धतीने आळस, अडथळा आणि अशक्यता या तिन्हींना एकच आकडा दिला, तर त्या आकड्यावरून उपाय सुचू शकत नाही. दरम्यान सखल भागांतील रहिवासी दर पावसाळ्यात पाणी घरात येण्याची वाट पाहत राहतात.

जबाबदारीचे विभाजन आणि त्याच्या मर्यादा

माहुलच्या प्रदूषणाबाबत महानगरपालिकेची जबाबदारी मर्यादित आहे, असा युक्तिवाद करता येतो आणि तो सर्वस्वी निराधार नाही. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ व वायू (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९८१ यांनुसार उद्योगांना संमती देणे व त्यांच्यावर कारवाई करणे हे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे काम आहे. कारखान्याच्या धुराड्यावर महानगरपालिकेचा अधिकार चालत नाही.

परंतु महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये महानगरपालिका नियोजन प्राधिकरण आहे. हवा कोणी दूषित करावयाची यावर तिचे नियंत्रण नसले, तरी प्रकल्पबाधितांना कोठे घर द्यावयाचे, हा निर्णय तिच्या कक्षेत येतो. शिवाय त्या वस्तीला दवाखाना, शाळा, पाणी व स्वच्छता पुरविण्याचे दायित्वही तिचेच आहे. जबाबदारी विभागली गेली की संनियंत्रणही विभागले जाते आणि प्रत्येक यंत्रणा केवळ आपल्या वाट्याचा तुकडा तपासते. नागरिकाला मात्र हे सर्व तुकडे एकाच वेळी सोसावे लागतात.

लोकप्रतिनिधींची देखरेख हा या तुकड्यांना जोडणारा दुवा असतो. मुंबईत तो काही काळ खंडित झाला होता. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि पुढील निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. मधल्या काळात २०२३-२४, २०२४-२५ व २०२५-२६ ही तीन अंदाजपत्रके आयुक्तांनी तयार केली आणि प्रशासक या नात्याने आयुक्तांनीच मंजूर केली. मांडणारा व तपासणारा एकच असताना प्रश्न विचारण्याची प्रक्रिया क्षीण होते, ही बाब कोणा व्यक्तीच्या हेतूवर अवलंबून नसून रचनेशी संबंधित आहे.

प्रभाग समिती : दुर्लक्षित साधन

शहराच्या सरासरीत माहुल दिसत नाही, हा या विवेचनाचा गाभा आहे. शहरातील ९५ टक्के घरांतून कचरा उचलला जात असेल आणि एखाद्या वसाहतीतून तो उचलला जात नसेल, तरी शहराचा निर्देशांक उत्तमच राहतो. म्हणून संनियंत्रणाचे एकक शहराऐवजी वस्ती असणे आवश्यक आहे.

यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर मुंबई महानगरपालिका अधिनियमात प्रभाग समित्यांची तरतूद झाली. पाणीपुरवठा, मलनिःसारण, स्वच्छता व पावसाच्या पाण्याचा निचरा यांबाबतच्या तक्रारींचे जलद निवारण करणे आणि प्रभागाशी संबंधित खर्चाचे अंदाज आयुक्तांकडे जाण्यापूर्वी त्यांवर विचार करून शिफारशी करणे, ही कार्ये या समित्यांकडे सोपविण्यात आली आहेत. म्हणजेच वस्तीची गरज आणि अंदाजपत्रकाचे शीर्ष यांना जोडणारा रकाना कायद्यात आहे. तो भरला जाणे बाकी आहे.

या दृष्टीने पुढील उपाय विचारात घेता येतील.

१) पर्यावरण सद्यःस्थिती अहवालातील आकडे प्रशासकीय विभागनिहाय द्यावेत आणि प्रत्येक प्रतिकूल निष्कर्षापुढे पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकातील संबंधित तरतूद नमूद करावी.

२) अखर्चित तरतुदीचे कारण जागा, परवानगी, निविदा किंवा न्यायालयीन स्थगिती अशा निश्चित वर्गांत नोंदवावे.

३) पुनर्वसनाचा प्रस्ताव मंजूर करण्यापूर्वी त्या जागेच्या हवेचा, पाण्याचा व आरोग्यसेवेचा अहवाल सभागृहापुढे ठेवणे बंधनकारक करावे. महानगरपालिकेच्या रुग्णालयांकडील माहिती त्यासाठी वापरावी.

४) वातावरणविषयक अर्थसंकल्पात प्रकल्पाच्या लाभाबरोबरच त्यामुळे विस्थापित होणाऱ्यांची संख्या व त्यांचे स्थलांतराचे ठिकाण दाखवावे.

समारोप

मुंबई महानगरपालिकेकडे संनियंत्रणाची साधने कमी नाहीत. अंदाजपत्रकाची छाननी, लेखापरीक्षण, सेवास्तराचे निर्देशांक, पर्यावरण अहवाल आणि अलीकडचा वातावरणविषयक अर्थसंकल्प अशी ती एकामागून एक वाढत गेली आहेत. मात्र ही साधने विभागांचे काम तपासतात आणि शहराची सरासरी सांगतात. माहुलच्या बाबतीत प्रत्येक विभागाचे काम नियमानुसार पार पडले आणि तरीही हजारो माणसे श्वास घेणे कठीण असलेल्या जागी राहावयास गेली. २०१३ ची पाहणी आणि २०१५ चा निर्णय उपलब्ध असताना २०१७ मध्ये तेथे घरांच्या चाव्या देण्यात आल्या, ही माहितीच्या अभावाची नव्हे, तर माहिती योग्य टेबलापर्यंत न पोहोचल्याची घटना आहे. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर लोकनियुक्त सभागृह पुन्हा अस्तित्वात आले आहे. प्रभाग समित्यांमध्ये अंदाजपत्रकाचे आकडे वस्तीच्या नावानिशी मांडले गेले, तर अशा प्रकारच्या निर्णयाला चाव्या देण्याआधीच हरकत घेता येईल. न्यायालयाच्या आदेशाची वाट पाहावी लागणार नाही.